आरोग्यसेविकेच्या हाती भ्रमणध्वनी : नोंद कोणासाठी?

सातपुड्याच्या पायथ्याशी, वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेला अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका संत्र्यांच्या बागांसाठी सर्वश्रुत आहे. उत्तरेस मध्य प्रदेशाची सीमा आणि सभोवार मैलोगणती पसरलेल्या बागा असे या तालुक्याचे रूप आहे. बागांचे दोन बहार ठरलेले असतात. आंबिया बहाराची फळे पावसाळा संपता संपता उतरू लागतात, तर मृग बहाराची तोड साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चालते. तोडीच्या दिवसांत मजुरांची गरज वाढते. मेळघाटातून आणि सीमेपलीकडील गावांतून कामाच्या शोधात बाहेर पडणारी कुटुंबे अशा वेळी बागाईत पट्ट्यात येतात. बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या या कुटुंबांत गरोदर स्त्रिया असतात, अंगावर पिणारी मुले असतात. गावची आशाताई आणि अंगणवाडी मात्र मागे गावातच राहिलेली असते.

एका मातेचे उदाहरण कल्पून पाहू. मेळघाटातील एखाद्या पाड्यावरील स्त्रीची शेवटची पाळी १० जून रोजी आली असे समजा. दोनशे ऐंशी दिवसांच्या हिशेबाने तिच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १७ मार्च येते. बारा आठवडे पूर्ण होण्यापूर्वी, म्हणजे २ सप्टेंबरपर्यंत, तिची नोंदणी आणि पहिली तपासणी व्हावयास हवी. दुसरी व तिसरी तपासणी पाड्याजवळच्या उपकेंद्रात होईल. चौथी तपासणी छत्तिसाव्या आठवड्यानंतरची, म्हणजे १७ फेब्रुवारीनंतरची आहे. नेमक्या त्याच सुमारास मृग बहाराची तोड सुरू होते आणि ती स्त्री जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वरूडजवळच्या एखाद्या बागेतील झोपडीत असते. तिचा रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती आणि आधीच्या खेपेस काय घडले, हे सारे एका वहीत लिहिलेले आहे. पण ती वही पाड्यावर आहे.

आरोग्यसेवेत भ्रमणध्वनीचा उपयोग काय, या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करणे योग्य ठरेल. गेल्या दशकात राज्यातील अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका आणि आरोग्यसेविका यांच्या कामात फोन आला. नोंदी त्यावर होऊ लागल्या आणि अहवाल त्यातून निघू लागले. या साऱ्या नोंदींचा उपयोग बागेतील त्या झोपडीपर्यंत पोचतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम पंक्तीचे मनुष्यबळ

ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची रचना अनेकांस परिचित आहे. सपाट प्रदेशात साधारणतः पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, आदिवासी व डोंगराळ भागात हेच प्रमाण अनुक्रमे तीन हजार व वीस हजार असावे, असा दंडक आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका असते. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका नेमण्यात आली. ही स्त्री त्याच गावची असते व तिला कामानुसार मोबदला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा सामूहिक गौरव केला. करोनाच्या साथीत घरोघर फिरणाऱ्या या स्त्रियांची ती उचित दखल होती.

या साखळीतील दुसरा दुवा अंगणवाडीचा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील तेहतीस प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबईतील धारावी आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी यांची निवड झाली होती. वऱ्हाडच्या दृष्टीने ही गोष्ट स्मरणीय आहे, कारण अंगणवाडीचा राज्यातील प्रवास ज्या दोन ठिकाणांहून सुरू झाला, त्यांपैकी एक याच जिल्ह्यातील आहे. आज राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत.

आशा, आरोग्यसेविका आणि अंगणवाडी सेविका या तिघी एकाच घरात जातात, पण त्यांचे विभाग वेगळे आहेत. आरोग्यसेविका आणि आशा आरोग्य विभागाच्या, तर अंगणवाडी सेविका महिला व बाल विकास विभागाची. साहजिकच एकाच बाळाचे वजन दोन ठिकाणी लिहिले जाते आणि एकाच मातेचे नाव तीन वह्यांत येते. पुढील विवेचन समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

वहीकडून फोनकडे

अंगणवाडी सेविकेला एकेकाळी अकरा नोंदवह्या सांभाळाव्या लागत. कुटुंब सर्वेक्षण, पूरक पोषण आहार, लसीकरण, वजन, गृहभेटी अशी प्रत्येक कामाची स्वतंत्र वही असे. महिनाअखेरीस त्यांतून आकडे काढून गोषवारा तयार करावयाचा, तो पर्यवेक्षिकेकडे द्यावयाचा, तेथून तो प्रकल्प कार्यालयात आणि मग जिल्ह्याला जावयाचा, असा क्रम होता. गोषवारा वर पोचेपर्यंत ज्या बाळाचे वजन घटलेले असे, त्याची प्रकृती आणखी ढासळलेली असण्याचा संभव असे.

हा विलंब दूर करण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले. २००९ मध्ये केंद्र शासनाने माता व बालक यांचा नावनिशीवार मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली सुरू केली. तोपर्यंत ‘इतक्या मातांची नोंदणी झाली’ असा केवळ आकडा वर जात असे. आता अमुक गावची अमुक माता अशी नोंद होऊ लागली. पुढे तिचे रूपांतर प्रजनन व बालआरोग्याच्या संकेतस्थळात झाले आणि आरोग्यसेविकेच्या हाती टॅब आले. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुंझुनू येथून पोषण अभियानाचा प्रारंभ झाला. या अभियानातून अंगणवाडी सेविकांना स्मार्टफोन देण्यात आले आणि वह्यांचे काम करणारे एक ॲप त्यांत बसविण्यात आले. १ मार्च २०२१ रोजी त्याची जागा ‘पोषण ट्रॅकर’ या नव्या ॲपने घेतली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक टप्प्यावर मुख्य प्रेरणा वरून खाली पाहण्याची होती. राज्याला, जिल्ह्याला, तालुक्याला वेळेवर माहिती हवी होती आणि ती गरज खरी होती. तथापि ज्या स्त्रीने ती माहिती भरावयाची, तिला दारात उभे असताना त्या यंत्राकडून काय मिळते, हा प्रश्न मागे राहिला.

गडचिरोलीचा श्वासमापक

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८६ पासून काम आरंभिले. त्या भागात न्यूमोनियाने दगावणाऱ्या बालकांची संख्या मोठी होती. न्यूमोनिया ओळखण्याची खूण साधी आहे. बाळाचे श्वास मोजावयाचे. दोन महिन्यांखालील बाळ मिनिटाला साठ वा अधिक श्वास घेत असेल, तर धोका समजावा. पण गावातील सुईणींना साठपर्यंत मोजण्याचा सराव नव्हता आणि मिनिट मोजण्यासाठी त्यांच्याकडे घड्याळही नव्हते.

त्यावर एक साधन तयार करण्यात आले. एका चौकटीत एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी बसविले. वाळू पडू लागली की श्वास मोजावयास लागावे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा आणि पुन्हा एकापासून आरंभ करावा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा संभव आहे. तान्ह्या बाळासाठी मण्यांची एक ओळ आणि त्याहून मोठ्या बालकासाठी दुसरी. या साधनाला वीज, अक्षरज्ञान किंवा संपर्कजाळे यांपैकी कशाचीच गरज नव्हती.

येथे यंत्राचे साधेपण हा मुख्य मुद्दा नाही. त्या साधनाने सुईणीच्या प्रश्नाचे उत्तर तिला तिथल्या तिथे, बाळ समोर असताना दिले आणि पुढे काय करावे याचा निर्णय तिच्या हाती ठेवला, हे महत्त्वाचे. याच संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये ही पद्धत देशभरातील आशांच्या कामात समाविष्ट करण्यात आली. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी प्रसूती झाली असल्यास त्यात पहिल्या दिवसाची भर पडते. फोन नसतानाही हे यश मिळाले. त्यामागे प्रशिक्षण, औषधांची पेटी, नियमित देखरेख आणि गावातील स्त्रीवरचा विश्वास होता. फोनने त्यात भर घालावयाची आहे, त्यांची जागा घ्यावयाची नाही.

फोन काय करू शकतो

या कसोटीवर पाहता फोनची उपयुक्त कामे चार प्रकारची दिसतात.

पहिले काम हिशेबाचे. बाळ वयाच्या मानाने हलके आहे काय, हे वाढीच्या तक्त्यावर ठिपका देऊन पाहता येते. पण उंचीच्या मानाने त्याचे वजन पुरेसे आहे काय, हे पाहण्यासाठी कोष्टकातील बारीक आकड्यांतून योग्य ओळ शोधावी लागते. तीव्र कुपोषणाचे निदान याच मापावर अवलंबून असल्याने चूक झाली तर ती महागात पडते. सेविकेने वजन व उंची भरताच फोन क्षणात ही श्रेणी सांगतो. अर्थात वजनकाटा सदोष असेल किंवा उंची अंदाजाने लिहिली असेल, तर फोनचे उत्तरही तितकेच सदोष असणार. म्हणूनच दंडाचा घेर मोजण्याची पट्टी आजही हाताशी हवी. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर कोणत्याही ॲपची वाट न पाहता त्याला पुढील उपचारासाठी पाठविले पाहिजे.

दुसरे काम आठवणीचे. एका आशाताईकडे हजार लोकसंख्या असते. कोणाचा सातवा दिवस आज आहे, कोणाचे लसीकरण चुकले आहे, कोणाच्या प्रसूतीची तारीख या आठवड्यात आहे, याची यादी सकाळी फोनवर मिळाली तर दिवसाची फेरी आखता येते. गुजरातेत भरूच जिल्ह्यातील झगडिया येथील ‘सेवा रूरल’ या संस्थेने अशी व्यवस्था उभारली आणि भरूच व नर्मदा जिल्ह्यांतील आदिवासीबहुल भागात तिची काटेकोर चाचणी घेतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात निदान दोन गृहभेटी मिळालेल्या बाळांचे प्रमाण जेथे आशांना हे साधन दिले होते तेथे सुमारे ३२ टक्के, तर अन्यत्र सुमारे २३ टक्के आढळले. हा लाभ निश्चितच दखलपात्र आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजूही वाचावयास हवी. साधन हाती असूनही दर तीन बाळांपैकी दोघांकडे पहिल्या आठवड्यात दोन भेटी झाल्या नाहीत. आठवण करून देणे आणि तेथवर पोचणे यांत चालत जाण्याचे अंतर असते, ते फोन कमी करीत नाही.

तिसरे काम शिक्षणाचे. आशांसाठी ‘मोबाइल अकादमी’ नावाचा २४० मिनिटांचा श्राव्य अभ्यासक्रम आहे. साध्या फोनवर क्रमांक फिरवून तो थोडा थोडा ऐकता येतो. गरोदर माता व लहान बाळाच्या कुटुंबासाठी ‘किलकारी’ ही सेवा आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक याप्रमाणे ७२ ध्वनिसंदेश घरच्या फोनवर येतात. या दोन्ही सेवांचा महाराष्ट्रात विस्तार २०२४ मध्ये करण्यात आला. वाचता न येणाऱ्या मातेलाही ऐकता येते, हा त्यांचा विशेष. मात्र घरातील एकुलता एक फोन पतीच्या खिशात असेल आणि तो दिवसभर बागेत असेल, तर संदेश मातेपर्यंत पोचत नाही. तो घरी आल्यावर तिला ऐकवावा, हे सांगण्याचे काम शेवटी आशाताईलाच करावे लागते.

चौथे काम संपर्काचे. ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यक सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतात. एरवी अशा सल्ल्यासाठी रुग्णाला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे खर्चावे लागते, ते यामुळे वाचू शकते.

अडचणींची दखल

फोनच्या वाटचालीतील अडचणी झाकून ठेवणे हिताचे होणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले फोन परत केले. फोनची क्षमता अपुरी आहे, ते तापतात, दुरुस्तीचा खर्च पदरात पडतो आणि नव्या ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. वर्षानुवर्षे मराठीत वही लिहिणाऱ्या, शेकडो बालकांची नावे तोंडपाठ असणाऱ्या सेविका त्या पडद्यापुढे निरक्षर ठरल्यासारख्या झाल्या, हे या प्रकरणातील खरे दुःख होते. पुढे हे ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येऊ लागले. हा बदल आरंभीच झाला असता तर बराच मनस्ताप टळला असता, एवढा धडा यातून घेता येईल.

दुसरी अडचण दुहेरी नोंदीची आहे. फोन आला की वही जावी, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात संपर्कजाळे मिळाले नाही, फोन बिघडला किंवा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने वही मागितली, तर अडचण नको म्हणून अनेक ठिकाणी दोन्ही लिहिले जाते. अशा वेळी फोनने काम हलके न होता दुप्पट होते आणि तो वेळ गृहभेटींतून कापला जातो.

तिसरी अडचण ओळख पटविण्याची. २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा फोनवर पडताळून घेण्याची पद्धत लागू झाली आहे. आहार योग्य व्यक्तीलाच मिळावा हा तिचा हेतू रास्त आहे. पण पडताळणीसाठी कधी फोनवर येणारा संकेतांक लागतो आणि तो फोन कामावर गेलेल्या पुरुषाजवळ असतो. कधी संपर्कजाळे साथ देत नाही. सातपुड्याच्या घाटाखालील गावांत हा अनुभव नवा नाही. यंत्राने ओळखले नाही म्हणून ज्या मातेला सेविका वर्षभर ओळखते तिला रिकाम्या हाताने परत जावे लागणार नाही, याची तजवीज व्यवस्थेतच असली पाहिजे.

चौथी बाब गोपनीयतेची. गर्भपात, क्षयरोग, कुपोषण, कौटुंबिक अडचणी ही माहिती त्या त्या व्यक्तीच्या मालकीची असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. तरीही कामाचा पुरावा म्हणून मातांची व बालकांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या समूहांत टाकण्याची सवय पडू शकते. पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनी असे पुरावे मागू नयेत, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

बागेतील झोपडीपर्यंत

आरंभी उल्लेखिलेल्या मातेकडे आता वळू. महिला व बाल विकास विभागाने २०२१ च्या अखेरीस अमरावतीसह काही जिल्ह्यांत स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. गाव सोडणाऱ्या गरोदर व स्तनदा माता आणि बालके यांना विशिष्ट क्रमांक देऊन, ती जेथे जातील तेथे त्यांना आहार, लसीकरण व आरोग्यसेवा मिळावी, अशी ही कल्पना आहे. हंगामी स्थलांतर ज्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेले आहे, तेथे फोनचा याहून सार्थ उपयोग क्वचितच सापडेल. वही गावी राहते. फोनवरील नोंद मात्र मातेबरोबर प्रवास करू शकते.

ही कल्पना प्रत्यक्षात येण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात. कुटुंब निघण्यापूर्वी पाड्यावरच्या सेविकेला ते कळले पाहिजे. ते जेथे पोचले तेथील आशा व सेविकेने बागेत जाऊन त्यांची चौकशी केली पाहिजे. आणि या दुसऱ्या गावाने ‘ही आमची नव्हे’ असे न म्हणता त्या मातेला आपल्या यादीत घेतले पाहिजे. पहिल्या गोष्टीत फोन निरोप पोचवितो, दुसरीत पत्ता सांगतो. तिसरी गोष्ट मात्र माणसांनीच ठरवावयाची आहे. मध्य प्रदेशातून आलेल्या कुटुंबाच्या बाबतीत ती अधिक कठीण होते. म्हणून मातेजवळचे माता व बाल संरक्षण कार्ड आजही मोलाचे आहे. त्या कागदाला संपर्कजाळे लागत नाही आणि राज्याची सीमा अडवीत नाही. कार्ड व्यवस्थित भरून ते बिऱ्हाडासोबत नेण्यास सांगणे, हा फोनला पर्याय नसून त्याचा आधार आहे.

इतर देशांचा अनुभव

आफ्रिकेतील मलावी या देशात, नामितेते येथील सेंट गॅब्रियल रुग्णालयात, २००८ मध्ये एक लहानसा प्रयोग झाला. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांना वापरलेले साधे फोन देण्यात आले आणि रुग्णालयात एक संगणक ठेवण्यात आला. स्वयंसेवक रुग्णाची स्थिती लघुसंदेशाने कळवीत आणि रुग्णालयाकडून त्यांना उत्तर येई. एरवी एका निरोपासाठी मैलोगणती चालावे लागे. निरोप दोन्ही दिशांनी जात असे, यातच या प्रयोगाचे सामर्थ्य होते.

युगांडाचा अनुभव वेगळा आहे. तेथे निरनिराळ्या संस्थांनी इतके प्रायोगिक प्रकल्प सुरू केले, की अखेर २०१२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाला नव्या प्रकल्पांना स्थगिती द्यावी लागली. प्रत्येक प्रकल्पाचे यंत्र वेगळे आणि अहवाल वेगळा. राबणारा कार्यकर्ता मात्र एकच होता. एका सेविकेच्या फोनमध्ये किती ॲप असावीत, याचा विचार करताना हे उदाहरण समोर ठेवण्याजोगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अंकीय साधने ही चालत्या आरोग्यव्यवस्थेला पूरक असतात, तिला पर्याय ठरू शकत नाहीत, असा त्यांचा मथितार्थ आहे.

गावाने काय करावे

या कामी ग्रामपंचायतीची भूमिका केवळ पाहुण्याची नाही. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असावी आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत बंधनमुक्त निधी मिळावा, अशी तरतूद आहे. या समितीच्या बैठकीत ‘नोंदणी किती टक्के झाली’ एवढेच न विचारता आणखी काही प्रश्न विचारता येतील. अंगणवाडीचा वजनकाटा व उंचीमापक नीट आहे काय? फोन भरण्यासाठी वीज आणि बोलण्यासाठी संपर्कजाळे गावात कोठे मिळते? गेल्या महिन्यात फोनने धोक्याची म्हणून दाखविलेल्या बालकांपैकी किती जण प्रत्यक्ष रुग्णालयात पोचले? वाहन वेळेवर मिळाले काय? आणि सध्या शिवारातील बागांत बाहेरून आलेली किती कुटुंबे आहेत व त्यांत गरोदर स्त्रिया किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बागाईतदारांकडे सहज असते. मजुरांची टोळी आली की आशाताईला फोन करावा, एवढा शिरस्ता गावाने पाडला तरी मोठे काम होईल.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहे. ते देताना कोणते कुटुंब केव्हा निघणार, हे शाळेला आधी कळते. त्याच घरात धाकटे भावंड किंवा गरोदर आई असते. तो निरोप शाळेने अंगणवाडीत पोचवावा. तसेच फोन हाताळण्यात अडखळणाऱ्या सेविकेला मराठी टंकलेखनाची गोडी लावणे हेही शिक्षकाचे उचित काम ठरेल.

अधिकाऱ्यांनी करावयाची गोष्ट याहून सोपी, पण निर्धाराची आहे. जी नोंद फोनवर झाली ती वहीत पुन्हा मागू नये. नवे ॲप सुरू करण्यापूर्वी जुने कोणते बंद होणार, हे सांगावे. दर महिन्यास निदान एका सेविकेसोबत एक पूर्ण फेरी चालावी आणि यंत्र कोठे अडते ते स्वतः पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेविकेने पाठविलेल्या माहितीचे उत्तर तिला परत मिळेल, अशी व्यवस्था करावी. तिने पाठविलेले बालक रुग्णालयात दाखल झाले काय, त्याचे वजन किती वाढले, हे तिला कळावयास हवे. ज्या नोंदीचे उत्तर येत नाही, ती लिहिण्यातला जीव हळूहळू निघून जातो.

मार्चच्या मध्यास वरूडजवळच्या एखाद्या बागेत संध्याकाळी संत्र्यांचे कॅरेट ट्रकमध्ये चढत असतील आणि झोपडीत एखाद्या स्त्रीला कळा सुरू झालेल्या असतील. त्या वेळी तिथल्या आशाताईला तिचे नाव, तिची तारीख आणि तिचे हिमोग्लोबिन आधीच ठाऊक असेल, वाहन सांगून ठेवलेले असेल आणि ग्रामीण रुग्णालयात निरोप पोचलेला असेल, तर भ्रमणध्वनी त्या स्त्रीच्या कामी आला असे म्हणता येईल. तसे नसेल, तर वर पाठविलेला अहवाल कितीही परिपूर्ण असो, तो अपुराच होय.